पाटी आमच्या दारावर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आदरणीय शिक्षकवृंद आणि तीस वर्षांत केस पिकले तरी अजिबात न सुधारलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘परदेशात संस्कृतीचे जतन’. फोनवर मी लगेच हो म्हटलं आणि रात्री लिहायला बसले तेव्हा घाबरले. संस्कृती या शब्दावर माझ्याकडे एक परिच्छेदसुद्धा निघेना. जे निघालं ते सगळं झाडू, न्हाणीघर, धुराची घंटा आणि दुधाचं पातेलं यांबद्दल होतं. मग म्हटलं, तेच सांगावं. निबंधात विषय सोडून लिहिण्याची माझी सवय मराठीच्या बाईंना चांगलीच ठाऊक आहे. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि आत्ताच हसल्यासुद्धा.

आम्ही २००९ पासून जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. हे शहर १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे, पण राहायला लागल्यावर या नात्याचा घरकामात काही उपयोग होत नाही. तीन खोल्यांचं भाड्याचं घर, दुसरा मजला, एकच न्हाणीघर आणि त्यातच संडास. नवरा, मी, मुलगी. आणि वर्षाकाठी तीन महिने सासूबाई. तीनच महिने, कारण पाहुण्यांच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. त्यामुळे सासूबाईंचं येणं आम्ही पंचांग आणि व्हिसा शेजारी ठेवून ठरवतो. ऑगस्टच्या विसाव्या तारखेच्या आसपास आल्या, तर गणपती, नवरात्र, दिवाळी आणि जमलं तर तुळशीचं लग्न, एवढं सगळं नव्वद दिवसांत बसतं.

श्टुटगार्टच्या भागात एक प्रथा आहे. इमारतीत नोकर नसतो. जिना, तळघराकडची वाट, दारासमोरचा रस्ता हे सगळं भाडेकरूंनी आळीपाळीने झाडायचं. ज्यांची पाळी असेल त्यांच्या दारावर एक छोटी पाटी लटकते. आठवड्याचं काम झालं की ती पाटी उचलून शेजारच्या दारावर लावायची. या प्रथेचं नाव ‘केरवोखे’. वोखे म्हणजे आठवडा. मी सासूबाईंना समजावून सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, “अगं, केर म्हणजे केरच की! यात सांगायचं काय?” आणि केरसुणी घेऊन खाली गेल्या. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वयस्कर जर्मन बाई राहतात, सगळ्या इमारतीच्या स्वच्छतेचा ठेका असल्यासारख्या. सात वर्षांत त्यांनी मला कधी हसून उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सासूबाईंना जिन्याचा कोपरा कसा काढायचा ते हातवाऱ्यांनी दाखवलं, सासूबाईंनी त्यांना केर उंबऱ्याबाहेर कसा ओढायचा ते दाखवलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. माझी जर्मन बऱ्यापैकी आहे, तरी मला जे जमलं नाही ते केरसुणीनं जमवलं.

अर्थात सगळंच असं जमलं नाही. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी दारासमोर जिन्यावर रांगोळी काढली. संध्याकाळी दारात चिठ्ठी. जिन्यावर पांढरी पावडर सांडली आहे, कुणी घसरून पडेल, कृपया साफ करावी. चूक त्यांची नव्हती, दगडी जिन्यावर रांगोळीवरून पाय खरंच घसरतो. तेव्हापासून आमची रांगोळी दाराच्या आत, पाटावर असते.

धुराच्या घंटीचं तर विचारू नका. आमच्या राज्यात झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर छताला धूर ओळखणारी घंटी बसवणं कायद्यानं सक्तीचं आहे, २०१४ च्या अखेरीपर्यंत जुन्या घरांतही बसवायची होती. आमचा देव्हारा होता तो नेमका त्या वाटेवरच्या कोनाड्यात, कारण पूर्वेकडे तोंड होईल अशी दुसरी जागा नव्हती. निरांजनाला घंटी काही म्हणत नाही. उदबत्तीला कधी म्हणते, कधी नाही. कापूर लावला की मात्र ‘जय देव जय देव’ म्हणायच्या आत ती सुरू होते. पहिल्या वर्षी माझा नवरा खुर्चीवर चढून वहीनं तिला वारा घालायचा आणि आरती म्हणायचा. पुढे देव्हारा बैठकीच्या खोलीत हलवला. आता देव पश्चिमेकडे तोंड करून बसतात आणि घंटी शांत आहे. घंटी काढून ठेवा, असं काही मित्रांनी सुचवलं होतं. ते मी केलं नाही आणि कुणी करू नये. रात्री मूल झोपलेलं असतं त्या घरात.

रथसप्तमीला दूध उतू घालायचं असतं. काचेच्या सपाट शेगडीवर उतू गेलेलं दूध क्षणात करपतं आणि मग ते ब्लेडनं खरवडून काढावं लागतं. दोन वर्षं खरवडलं. तिसऱ्या वर्षी एक सुटी विजेची शेगडी बाल्कनीत नेली. बाहेर उणे चार, सूर्य समोरच्या इमारतीच्या मागे, आणि आम्ही तिघं कोट घालून दुधाकडे बघत उभे. ते उतू जायला इतका वेळ लागला की नवऱ्याची एक मीटिंग बुडाली.

खाण्याचंही असंच. आम्ही शाकाहारी. गोळ्या-जेलींमध्ये जिलेटिन असतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण सफरचंदाचा रस स्वच्छ दिसावा म्हणून जिलेटिननं निवळून घेतात आणि ते बाटलीवर लिहिण्याची सक्ती नाही, किंवा अस्सल पार्मेसान चीज वासराच्या जठरातल्या विरजणाशिवाय होतच नाही, किंवा काही बेकऱ्या त्या खारट ब्रेत्सेलमध्ये डुकराची चरबी घालतात, हे मला शिकवलं शेजारच्या तुर्की ताईंनी. त्यांचा नियम वेगळा, माझा वेगळा, पण बारीक अक्षरं वाचायची सवय तीच. जूनमध्ये रमजान आला होता तेव्हा त्यांचा उपवास रात्री साडेनऊपर्यंत लांबायचा. त्या वर्षी मी माझ्या संकष्टीची तक्रार त्यांच्यासमोर केली नाही.

कारण संकष्टीचंही तिकडे विचित्र आहे. उन्हाळ्यात पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र हिवाळ्यातल्या सूर्यासारखा दक्षिणेकडून, अगदी खालून जातो. जितकं उत्तरेला राहाल तितका तो उशिरा उगवतो. आमच्याकडे जूनमधल्या संकष्टीचा चंद्रोदय मध्यरात्रीच्या आसपास जातो. तोच सप्टेंबरमध्ये आठ-साडेआठला होतो. सासूबाई सांगलीच्या वेळेनं उपास सोडत होत्या, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच-सहा. मी म्हटलं, आई, इथं अजून ऊन आहे. त्या म्हणाल्या, चंद्र एकच आहे ना?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. मी नोकरीत वेळेच्या हिशेबाचेच प्रोग्रॅम लिहिते, त्यामुळे यात रात्रभर गुंतले होते. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनावरून ठरते, म्हणून ती साऱ्या जगात एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. पण सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय गावागणिक वेगळे. सण कोणत्या दिवशी करायचा हे या दोन्हींच्या मेळावर असतं. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर हे महाराष्ट्रातल्या सूर्यास्ताचं असतं, श्टुटगार्टच्या नव्हे.

२०२४ ची दिवाळी आठवते का? लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर इथंही बराच गोंधळ होता. अमावास्या १ तारखेला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला संपत होती, महाराष्ट्रात तोवर सूर्य मावळलेला, म्हणून इथं १ तारखेला झालं. तोच क्षण आमच्याकडे दुपारी पावणेदोनचा. म्हणजे १ तारखेच्या संध्याकाळी श्टुटगार्टात अमावास्याच नव्हती. आमचं लक्ष्मीपूजन ३१ लाच यायला हवं. आता गंमत अशी की १ नोव्हेंबरला आमच्या राज्यात ख्रिस्ती संतदिनाची सुट्टी असते आणि ३१ ला कामाचा दिवस. सोयीचं बघितलं तर १ तारीख, सासूबाईंच्या बॅगेतल्या कॅलेंडरातही १ तारीख, आणि गणित ३१ म्हणतंय.

मी कागदावर दोन सूर्यास्त काढून त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, “मग आपण उद्या करायचं. चकल्या आजच तळायला लागतील.” एवढंच. वाद नाही. मी उगाच तयारी करून बसले होते. ३१ ला संध्याकाळी पणत्या लावल्या आणि अर्ध्या तासात दारावर भुतांची रांग. तिकडे त्या रात्री लहान मुलं भुतांचे मुखवटे घालून गोड मागत फिरतात. आमच्या पणत्या बघून त्यांना वाटलं, या घरी खास तयारी आहे. सासूबाईंनी प्रत्येक भुताच्या पिशवीत शंकरपाळे आणि एक चकली घातली.

इथपर्यंतचं सगळं मी कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात सांगते, लोक हसतात. पुढचं मी कुठं बोललेले नाही. काल रात्री नवऱ्याला विचारलं, बोलू का? तो म्हणाला, तुझी शाळा, तुझी माणसं, तू ठरव.

आपल्या शाळेचा गणपती आठवा. मुली दूर्वांच्या जुड्या करायला बसायच्या आणि बाई हळूच येऊन म्हणायच्या, “ज्यांना अडचण असेल त्यांनी मागच्या बाकावर बसा.” आम्ही दोघी-तिघी मागे जाऊन बसायचो, मुलं विचारायची काय झालं, आणि आम्ही म्हणायचो डोकं दुखतंय. बाईंना दोष देत नाही मी. त्यांनाही त्यांच्या बाईंनी असंच मागे बसवलं असणार. मी फक्त आठवण करून देते, कारण त्या बाकावरच्या दोघी आज इथं समोर आहेत.

तिकडे गेल्यावर मला कळलं की मागचा बाक असायला वर्गात जागा लागते. सासूबाईंच्या सांगलीच्या वाड्यात अकरा माणसं होती. एक सून बाजूला बसली तर दुसरी चुलीपुढे जायची, तिसरी पाणी भरायची. सुतक आलं तर शेजारून पिठलं-भात यायचा. आमचे एक चुलतसासरे वारले, निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी ऑफिसात होते. दहा दिवस घरात पूजा नाही एवढं पाळलं, पण स्वयंपाक मीच केला, कारण आमच्याकडे पिठलं घेऊन कोण येणार? हे सगळे नियम भरपूर हात असलेल्या घरांसाठी केलेले आहेत. आमच्या कामाच्या भाषेत, एक यंत्र बंद पडलं तर दुसरं तयार असलं पाहिजे. आमच्या घरात दुसरं यंत्र नव्हतं. म्हणजे, मी तसं समजत होते.

मग गणपतीत तारीख जुळली तर काय करायचं? मी गोळ्या घ्यायचे. पाळी पुढं ढकलायच्या. सुट्टीवर इकडे आले की औषधाच्या दुकानात नुसतं नाव सांगून पाकीट मिळायचं, ते मी पापड-मेतकुटाबरोबर घेऊन जायचे. दरवर्षी नाही, तारीख जुळेल तेव्हाच. पण पंधरा वर्षांत कितीदा जुळली याची यादी माझ्याकडे आहे, कारण मी सगळ्याच गोष्टींच्या याद्या ठेवते. नऊ वेळा. तिथल्या डॉक्टरबाईंना एकदा बोलता बोलता सांगितलं. त्यांनी वजन विचारलं, घरात कुणाला रक्तात गुठळी होण्याचा त्रास आहे का विचारलं, विमानाचा लांबचा प्रवास कधी केला विचारलं, आणि मग विचारलं, “पण का?” मी म्हणाले, घरी पाहुणे येणार होते. पाहुणा म्हणजे गणपती, हे सांगायला मला जर्मन शब्द सुचले नाहीत असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मराठीतही सुचले नसते.

इथं बसलेल्या मैत्रिणींना हात वर करायला सांगत नाही. पण माझ्याकडे बघून दोघी-तिघींनी मान खाली घातली, ती मला दिसली.

२०२४ चा गणपती शनिवारी आला, ७ सप्टेंबर. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. नऊ वर्षांची असल्यापासून ती दर रविवारी आजीकडून मोबाइलवर अथर्वशीर्ष शिकत होती. उच्चारात जर्मन ‘र’ घुसायचा आणि आजी तो काढत बसायची. त्या वर्षी पहिल्यांदा ती एकटी, न बघता, पूर्ण म्हणणार होती. आदल्या रात्री सारण झालेलं. शाडूची मूर्ती हातातल्या सामानातून, मांडीवर घेऊन आणलेली. सासूबाई पहाटे आंघोळ करून सोवळ्यात, उकड मळत होत्या. एकच न्हाणीघर आणि त्यातच संडास, त्यामुळे त्यांचं सोवळं आधीच चार पायऱ्या खाली उतरलं होतं. ते त्यांनी पहिल्याच वर्षी मुकाट्यानं मान्य केलं होतं.

पावणेसातला मुलगी न्हाणीघरातून बाहेर आली आणि माझ्या कानात म्हणाली, “आई, आलीय.”

आणि मी, इंजिनिअर, चौदा माणसांच्या टीमची प्रमुख, एका क्षणात म्हणाले, “आजीला सांगू नकोस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “म्हणजे आजीला माहीत नसलं तर चालतं?”

याला मी आजही उत्तर देऊ शकत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि आजीला तिनं स्वतःच सांगितलं. सासूबाईंचे हात उकडीत होते. त्या म्हणाल्या, “बरं. मग तू आज बाहेरच्या खोलीत बस.” बाहेरच्या खोलीत तर गणपती बसणार होता. मग म्हणाल्या, तुझ्या खोलीत. तिथं दोरीवर त्यांचं सोवळ्याचं लुगडं वाळत होतं. मग आमच्या खोलीत, तर तिथं चौरंग, समया, फळं, सगळी मांडामांड. त्या घरात त्या मुलीला बसवायला जागाच नव्हती. माझा नवरा या सगळ्यात तळघरातून खुर्ची आणायला गेला होता. खुर्ची कुणी मागितली नव्हती.

मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, “तू कशी दरवर्षी वाचतेस? ते पाकीट तेच आहे ना?” तिनं औषधांच्या कपाटात पाहिलं होतं.

सासूबाईंनी विचारलं, “कसलं पाकीट?”

मी सांगितलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी हात धुतले आणि पाटावर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आम्हांला ते तीन दिवस सुट्टी मिळायची गं. मागच्या खोलीत पडून कादंबऱ्या वाचल्यात मी. थोरल्या जाऊबाई ताट आणून द्यायच्या. आणि तू गोळ्या खाऊन रांधत होतीस?” आवाजात राग होता. कुणावर, ते मला कळलं नाही. थोडा माझ्यावरही असावा, आणि मला तो रास्त वाटला.

इथं गोष्ट गोड होते असं तुम्हांला वाटेल. तशी झाली नाही. सासूबाईंचं मन एवढंच पुढं आलं की तिनं सोफ्यावर बसून अथर्वशीर्ष म्हणायचं. मूर्तीला हात लावायचा नाही, मोदकांना नाही. एकाहत्तर वर्षांच्या बाईनं एका सकाळीत आणखी किती यावं? पण मुलीच्या बाजूनं पाहिलं तर चार वर्षं शिकून तिला शेवटी सोफा मिळाला. तिनं पूर्ण म्हटलं, एकही चूक नाही, ‘र’सुद्धा शुद्ध. आणि मग संध्याकाळपर्यंत मोदक खाल्ला नाही. मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी ताटं वाढत होते.

दुसऱ्या दिवशी दीड दिवसाचं विसर्जन. रविवारी तिकडे आवाज करायचा नसतो, म्हणून झांजा न वाजवता टाळ्यांवर आरती. नदीत काही सोडता येत नाही, म्हणून आमचं विसर्जन बादलीत होतं आणि विरघळलेली माती कुंड्यांत जाते. निर्माल्य ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात टाकायला सासूबाई पहिल्या वर्षी अजिबात तयार नव्हत्या. त्याचं खत होतं हे कळल्यावर झाल्या, तरी टाकताना हात जोडतात. त्या रविवारी बादली भरली, नवऱ्यानं मूर्ती उचलली, आणि सासूबाई सोफ्याकडे बघून म्हणाल्या, “तबक कोण धरणार? ये.” मुलगी उठली. मी सासूबाईंकडे पाहिलं तर त्या मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

दुपारी दार उघडलं तर आमच्या दारावर पाटी. या आठवड्याची पाळी आमची. मुलगी जोरात हसली. जर्मनमध्ये हा विनोद होत नाही. तिला तो मराठीत कळला याचाच मला आनंद झाला. तिनं आजीला सांगितला. आजी “चावट” म्हणाल्या, आणि हसल्या.

गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला, बुधवारी होता. सासूबाईंचा गुडघा दुखतो, त्या आल्या नाहीत. माझी तारीख पुन्हा जुळत होती. मी पाकीट आणलं नव्हतं. आठवडाभर आधी फोन करून त्यांना सांगितलं, आई, या वर्षी असं असं आहे, मी गोळी घेणार नाही. पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं फोन कट झाला. मग त्या म्हणाल्या, “त्याला दे फोन.”

पुढचं बोलणं मी ऐकलं नाही. पण मंगळवारी रात्री माझा नवरा, ज्याला पंधरा वर्षं मी ‘तुला जमणार नाही, तू बाजूला हो’ म्हणत आले होते, तो ओट्यापाशी उभा राहून तांदळाची उकड मळत होता. समोर साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल ठेवलेला आणि त्यातून सासूबाई ओरडत होत्या, “अरे, पाण्याचा हात लाव! तुपाचा नव्हे, पाण्याचा!” सांगलीत तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. बुधवारी सकाळी मुलीनं पूजा सांगितली आणि केलीही. एकवीस मोदकांपैकी नऊ आकारानं मोदक म्हणता येतील असे होते, बाकीचे फुटले. फुटलेले आम्ही खाल्ले, नऊ दाखवले. मी? मी सोफ्यावर बसले होते. कुणी बसवलं नव्हतं. पाठ दुखत होती. एक कादंबरी घेतली होती, पण वाचून झाली नाही, तिघांचा आवाजच एवढा.

सासूबाईंना हे सगळं पटलंय का? नाही. मागच्या महिन्यात त्यांनी मला सांगितलं, “माझ्या घरी मी माझंच पाळणार.” मी म्हटलं, हो. परवा त्यांच्याकडे जाणार आहोत, तिथं त्यांचं पाळू. मुलीला हे फारसं मान्य नाही. ते आजी आणि नात काय ते बघून घेतील, दोघी माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतात.

माझी वेळ संपली, घंटा वाजवायला मागे शिपाईकाका उभे आहेत, तीस वर्षांपूर्वी उभे असायचे तसेच. नऊ मोदकांचा फोटो माझ्याकडे आहे, चहाच्या वेळी दाखवते. ज्यांनी केले ते शेवटच्या रांगेत खिडकीपाशी बसलेत. ज्यांना कृती हवी असेल त्यांनी मला विचारू नका, त्यांना विचारा.